तीन महिने तैवानमध्ये राहूनही चायनीज येईना : एका एक्स्चेंज विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी नाशिकची, दहावी झालेली, वय 16. वर्षभराच्या हायस्कूल एक्स्चेंजवर ऑगस्ट 2024 च्या शेवटी तैवानला गेली, दक्षिणेकडच्या ताइनान शहरात. पाठवणाऱ्या बाजूने अशा मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलत राहायचं काम मी स्वयंसेवक म्हणून करते, त्यामुळे या प्रकरणात सगळ्यांचं म्हणणं माझ्यापर्यंत आलं. तिची आणि आईवडिलांची परवानगी घेऊन लिहितेय, नावं मात्र कोणाचीच देत नाही, शाळेचंही नाही.

तिची तयारी चांगली होती हे आधी सांगायला हवं, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की तयारी न करता गेली. तसं अजिबात नव्हतं. आठवीपासून ऑनलाइन क्लास केला होता, एचएसके, म्हणजे चीनची चायनीज भाषेची परीक्षा, लेव्हल दोन पास होती, म्हणजे जवळपास 300 शब्द. घरात उत्साह होता. पुढे ट्रान्सलेशनमध्ये नाहीतर इम्पोर्ट-एक्स्पोर्टमध्ये करिअर करायचं असं वडिलांच्या डोक्यात होतं, तिला स्वतःला मात्र फक्त भाषा आवडायची.

होस्ट घर साधं, प्रेमळ. वडील सायन्स पार्कमध्ये नोकरीला, रात्री उशिरा येणारे. आई बँकेत. 14 वर्षांचा मुलगा, ज्युनियर हायस्कूलला. आणि आजी, जिला घरात सगळे आमा म्हणतात, ही मुलगीही आमाच म्हणायला लागली. ताइनान हे तैवानमधलं सगळ्यात जुनं शहर, डचांनी 1624 साली तिथे वसाहत केली तेव्हापासूनचा लिखित इतिहास आहे, आणि जुन्या पिढीत घरात मँडरिनपेक्षा, म्हणजे शाळेत शिकवतात त्या चायनीजपेक्षा, तैवानी बोली जास्त चालते. हे आधी कोणी तिला सांगितलं नव्हतं.

अडचण काय होती

पहिले दोन महिने सगळं छान चाललंय असंच सगळ्यांना वाटत होतं. फोटो येत होते, युनिफॉर्ममधले, बबल टीचे, अनपिंगच्या जुन्या किल्ल्याचे. नोव्हेंबरच्या शेवटी मंथली कॉलवर मी तिला सहज म्हटलं, मला चायनीजमध्ये सांग बघू आज शाळेत काय झालं. बराच वेळ शांत. मग ती म्हणाली, "ताई, खरं सांगू का, मी इथे चायनीज बोलतच नाही. कोणी बोलूच देत नाही."

सुरुवातीला सगळ्यांनी आपापला अंदाज लावला. आईला वाटलं जेवणाचे हाल होत असतील, मुलगी शाकाहारी. पण ते चुकीचं निघालं, कारण शाकाहाराच्या बाबतीत तैवान म्हणजे आपल्याला सुखद धक्का आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर शाकाहारी बुफे, आणि पॅकबंद वस्तूंवर पूर्ण शाकाहारी, अंड्याचं, दुधाचं, अंडं-दूध दोन्ही, कांदा-लसणासारखे पदार्थ असलेलं असे पाच वेगवेगळे प्रकार छापलेले असतात. ती दोन किलो वाढली होती. वडिलांना वाटलं होमसिक आहे. तिथल्या काउन्सेलरला वाटलं लाजाळू आहे. लाजाळू ती नाहीच, शाळेत गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी मुलगी आहे.

खरं कारण हळूहळू कळलं, आणि ते एक नव्हतं, तीन-चार गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या होत्या.

पहिली गोष्ट लिपीची. पुण्याच्या ऑनलाइन क्लासमध्ये शिकवतात ती चीनमधली सोपी केलेली अक्षरं आणि उच्चार रोमन लिपीत, म्हणजे पिनयिन. तैवानमध्ये अक्षरं पारंपरिक, आणि उच्चारासाठी मुलं पहिलीपासून बोपोमोफो नावाची वेगळीच 37 चिन्हं शिकतात. 'ऐकणे' हे एकच अक्षर घ्या, तिने शिकलेल्या रूपात 7 रेघा, तैवानच्या फळ्यावर 22. म्हणजे जे 300 शब्द कानाला येत होते त्यातले निम्मे तरी डोळ्यांना ओळखू येईनात. नोटीस, मेन्यू, वर्गाचा लाइन या मेसेजिंग ॲपवरचा ग्रुप, सगळीकडे तिने मोबाईलचा कॅमेरा धरायचा आणि भाषांतर वाचायचं. ते इतकं सोयीचं की काही आठवड्यांत तेच सवयीचं झालं.

दुसरी गोष्ट शाळेची. तिला अकरावीच्या समकक्ष वर्गात बसवलं होतं. पहिला तास आठच्या आसपास, मग संध्याकाळी चार-पाचपर्यंत शाळा, मध्ये जेवण झाल्यावर बाकावर डोकं ठेवून अर्धा तास झोप, मग झाडू-फडकं घेऊन सगळ्यांनी वर्ग साफ करायचा. हे सगळं तिला आवडत होतं. पण फिजिक्स, गणित, जुनं चिनी वाङ्मय, यातलं काय कळणार? शेवटच्या बाकावर बसून ती स्वतःचं काहीतरी वाचायची. आणि ज्या तासाला तिला काही करायला मिळायचं तो इंग्लिशचा. तैवान सरकारने 2018 मध्ये 2030 पर्यंत देश द्विभाषिक करायचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून शाळांवर इंग्लिशचं प्रेशर आहे, आणि फाडफाड इंग्लिश बोलणारी परदेशी मुलगी आयती मिळाल्यावर इंग्लिशच्या बाईंनी तिला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेऊन संवादाला बसवायला सुरुवात केली. बाईंचा हेतू चांगलाच होता. मुलांनाही मजा यायची. पण मुलगी दिवसभर इंग्लिशच बोलत होती.

घरीही तेच. होस्ट भाऊ इंग्लिश क्लासला जायचा, त्याचं इंग्लिश सुधारावं हे होस्ट आईला मनापासून वाटायचं, म्हणून जेवणाच्या टेबलावर इंग्लिश. राहिली आमा. तिच्याशी मुलगी खूप बोलायची, भाजी निवडताना, टीव्ही बघताना. फक्त ते अर्धंअधिक तैवानी होतं. स्वयंपाकघरातले शब्द शाळेत वापरले की मैत्रिणी हसायच्या, प्रेमानेच, पण हसायच्या. मग तिने तेही वापरणं बंद केलं.

आणि चौथी, जी कोणाला बोलायची नव्हती. तैवानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिकडे रात्री दहा वाजता इकडे साडेसात, म्हणजे आईवडील घरी, आजी-आजोबाही घरी, रोज दीड-दोन तास व्हिडिओ कॉल. दिवसभरातलं सगळं बोलणं तिथेच होऊन जायचं.

एक खूण आधीच दिसली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्रॅथॉन वादळ आलं, दक्षिण तैवानात शाळा-ऑफिसं बंद. वर्गाच्या ग्रुपवर मुलांचे ढीगभर मेसेज, कोणाच्या गच्चीवरची टाकी हलली, कोणाकडे लाइट गेले. तिने तो ग्रुप उघडलाच नव्हता, कारण सुट्टीचं होस्ट आईने इंग्लिशमध्ये सांगितलं होतं. काउन्सेलरच्या नोंदीत हे आहे, पण तेव्हा कोणी त्याचा अर्थ लावला नाही.

कोणते पर्याय समोर होते

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाइनवर ग्रुप कॉल झाला. काउन्सेलर, होस्ट आई, वर्गशिक्षिका, नाशिकहून आईवडील, मी आणि स्वतः मुलगी.

परत आणायचं, हा पर्याय वडिलांनी पहिल्यांदा मांडला. खर्च होतोय आणि भाषा येत नाहीये, तर काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. पण वर्षाच्या मध्ये परत येऊन अकरावीला प्रवेश मिळत नाही, जूनपर्यंत घरीच बसावं लागणार, आणि तिच्या मनात अपयश घट्ट बसणार. तो बाजूला ठेवला, कायमचा नाही, फेब्रुवारीपर्यंत.

होस्ट घर बदलणं काउन्सेलरला सगळ्यात सोपं वाटत होतं. मला पटलं नाही. घर वाईट नव्हतं, घरातली भाषा बदलायला हवी होती, आणि नव्या घरीही इंग्लिश शिकणारं मूल असणारच की. शिवाय आमा तिथेच राहिली असती, आणि त्या मुलीला त्या शहरात खरंखुरं आपलं वाटणारं माणूस तेवढं एकच होतं.

शाळा बदलायची तर मोठा इंटरनॅशनल विभाग असलेली शाळा बघावी लागली असती, म्हणजे आणखी इंग्लिश. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात रोजचे वर्ग लावायचे, ताइनानला छेंग कुंग विद्यापीठाचं केंद्र आहे आणि ते नावाजलेलं आहे, पण त्यासाठी शाळेचे सकाळचे तास सोडायचे म्हणजे तिच्या वयाची मुलं सोडून मोठ्यांमध्ये जाऊन बसायचं. प्रायव्हेट ट्यूटर हा पर्याय आईला हवा होता. मला वाटतं आपल्याकडे कुठलीही अडचण आली की क्लास लावायचा हे इतकं अंगवळणी पडलंय की दुसरं सुचतच नाही. पण शिकवायला माणूस कमी पडत नव्हता, दिवसभरात चायनीज बोलावंच लागेल अशी वेळच येत नव्हती.

शेवटी उरला तो सगळ्यात किचकट पर्याय : घर तेच, शाळा तीच, दिवसाची रचना बदलायची. किचकट यासाठी की प्रत्येकाला थोडं थोडं सोडावं लागणार होतं.

काय केलं

वर्गशिक्षिकेने सगळ्यात मोठं काम केलं. इंग्लिशच्या बाईंशी बोलून आठवड्याला एकच तास ठेवला. गणित-फिजिक्सच्या तासांना तिने लायब्ररीत बसायचं ठरलं. होम इकॉनॉमिक्स, चित्रकला, पीटी हे तास एक वर्ष खालच्या वर्गासोबत, कारण तिथे हाताने काम असतं आणि काम करताना बोलावं लागतं. "चाकू दे", "जास्त पाणी नको", "थांब, अजून शिजलं नाही". पहिल्या महिन्यात तिने शिकलेली उपयोगाची वाक्यं बहुतेक अशीच होती.

लायब्ररीत पहिलीचं पुस्तक. तैवानमध्ये पहिलीच्या मुलांना सुरुवातीचे दहा आठवडे फक्त बोपोमोफो शिकवतात, मगच अक्षरं. 16 वर्षांच्या मुलीला पहिलीचं पुस्तक द्यायचं म्हणजे तिचा अपमान होईल का, अशी शिक्षिकेला धास्ती होती. तिला थेट विचारलं तर ती म्हणाली, द्या, मला तेच हवंय. इथे मराठीचा तिला फायदा झाला. रोमनमधला बी दिसला की आपण ब म्हणतो, पण चायनीजमध्ये तो आपल्या प च्या जवळचा आहे, आणि रोमनमधला पी म्हणजे फुंकर असलेला, दोन ओठांचा फ. प आणि हा फ, त आणि थ, क आणि ख हा फरक आपल्या कानाला जन्मापासून आहे. रोमन अक्षरं बाजूला झाल्यावर तिचे उच्चार बरेच सुधारले, कारण तिने वहीत प्रत्येक चिन्हासमोर देवनागरी लिहिली. 'चाक', 'चूल' मधला च सुद्धा तिला तिथे सापडला. चार टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र लिहून येत नाहीत, त्याला ऐकणं आणि चुकणं हाच उपाय.

बोपोमोफो बसल्यावर लायब्रेरियन बाईंनी तिला मुलांचं रोजचं वर्तमानपत्र दिलं, 1948 पासून निघतंय, त्यात प्रत्येक अक्षराशेजारी उच्चाराची चिन्हं छापलेली असतात. रोज एक छोटी बातमी मोठ्याने वाचून दाखवायची. या बाईंना इंग्लिश येत नव्हतं. सगळ्या प्रकरणात ही गोष्ट किती महत्त्वाची ठरली ते मला नंतर कळलं.

घरी असं ठरलं की होस्ट भावासोबत बुधवारी आणि शनिवारी एकेक तास इंग्लिश, ठरलेल्या वेळी, आणि बाकी वेळ चायनीज. अडलं तर हातवारे, चित्र, काहीही, पण टेबलावर मोबाईल नाही. होस्ट आईला हे जड गेलं. मुलगी वाक्यासाठी धडपडत असताना गप्प बसून राहायचं, मदत करायची नाही, हे प्रेमळ माणसाला किती अवघड असतं ते त्यांनी स्वतः सांगितलं.

मग घराबाहेरची कामं तिच्याकडे दिली. ताइनानला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, आपल्याकडच्या घंटागाडीसारखीच, आणि गल्लीतले सगळे पिशव्या घेऊन खाली उभे असतात. गाडी यायच्या आधीची पाच-दहा मिनिटं गल्लीतल्या बायकांच्या गप्पा चालतात. जेवलीस का, शाळेत काय केलं, भारतात थंडी असते का, तुमच्याकडे कचरा कोण नेतं. प्रश्न रोज तेच, म्हणून उत्तरं सुधारत गेली.

दुसरं काम, घरच्यांसाठी चहाच्या दुकानातून पेयं आणायची. ऐकायला सोपं वाटतं, पण काउंटरवरची मुलगी थांबत नाही : मोठा की मध्यम, साखर पूर्ण, निम्मी की अगदी थोडी, बर्फ कमी की नको, पिशवी हवी का, बिल मोबाईलच्या बारकोडवर टाकू का. हे बिलाचं तिला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. तिथे दुकानाच्या प्रत्येक अधिकृत बिलावर लॉटरीचा नंबर असतो आणि दर दोन महिन्यांनी सोडत निघते, म्हणून लोक बिल जपतात. पहिल्या वेळी ती सगळ्याला "हो" म्हणाली आणि पाच पेयं पूर्ण साखरेची आली. आमाने ती न कुरकुरता प्यायली.

आमाचा प्रश्न वेगळा चर्चेत आला. काउन्सेलरचं म्हणणं, आमाला मँडरिन येतं, तर तिला तेवढंच बोलायला सांगू, मुलीचा गोंधळ होतोय. मी नको म्हटलं आणि होस्ट आईनेही साथ दिली. कोणाच्या घरात जाऊन तिथल्या आजीला तुमची भाषा बंद करा असं कसं सांगायचं? त्याऐवजी मुलीने वहीत दोन रकाने केले, आमाचं आणि शाळेतलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कॉलवरून. रोजच्याऐवजी आठवड्यातून तीन वेळा, आणि रोज एक छोटा व्हॉइस मेसेज, असं ठरलं. आई रडली. "अहो मॅडम, पोरगी परक्या देशात आहे, आणि तुम्ही तिचा आवाजही तोडताय?" मी त्यांना काय सांगणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

जानेवारीतली रात्र

21 जानेवारी 2025, रात्री 12 वाजून 17 मिनिटांनी भूकंप झाला, 6.4 रिश्टरचा. केंद्र शेजारच्या च्याई जिल्ह्यात दापू इथे, पण ताइनानच्या नानशी भागात घरं पडली. आपल्याकडे पावणेदहा वाजले होते, टीव्हीवर बातमी आली आणि वडिलांचा मला फोन. मुलीचा फोन लागत नव्हता.

थोड्या वेळाने मेसेज आला : "सगळे ठीक. आमाला घेऊन खाली आलोय. गॅस बंद केलाय." नंतर तिने सांगितलं की रस्त्यावर सगळी गल्ली जमली होती, कचऱ्याच्या गाडीच्या वेळची तीच माणसं, आणि कोणाच्या घरात कपाट पडलंय, समोरच्या आजोबांना कोण आणतंय, हे तिला कळत होतं. सप्टेंबरमध्ये शाळेत भूकंपाचं ड्रिल झालं तेव्हा तिने फक्त शेजारणीचं बघून बाकाखाली डोकं घातलं होतं.

त्याच रात्री वडिलांनी तिकीट काढायचं म्हटलं. मी एवढंच मागितलं की आज ठरवू नका, चिनी नवीन वर्ष 29 तारखेला आहे, त्यानंतर बोलू, तोवर आफ्टरशॉकही कमी होतील. मधल्या काळात काउन्सेलरने घराची पाहणी केली, घर सुरक्षित होतं. आणीबाणीची बॅग, भेटायची जागा, इंटरनेट नसेल तर कोणाला फोन, हे सगळं लिहून नाशिकला पाठवलं.

फेब्रुवारीच्या कॉलवर मी आईवडिलांना विनंती केली की आधी तिला बोलू द्या. ती म्हणाली, "बाबा, परत येऊन जूनपर्यंत मी काय करू? इथे आत्ता कुठे लोक माझ्याशी बोलायला लागलेत." वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, रोज सकाळी मेसेज टाकायचा, चुकवायचा नाही. ती राहिली.

शेवटी काय झालं

मे महिन्यात तिने टीओसीएफएल ही तैवानची चायनीज भाषेची परीक्षा दिली, ए-टू ही प्राथमिक पातळी मिळाली. ऐकण्यात चांगले गुण, वाचनात काठावर. दहा महिन्यांच्या मुक्कामाला हे फार नाही असं कोणी म्हणेल, पण डिसेंबरमध्ये ती कुठे होती ते बघितलं तर मला ते भरपूर वाटतं. इतिहासाचा तास तिला शेवटपर्यंत कळला नाही. वर्गात दोन पक्क्या मैत्रिणी झाल्या, त्याही खालच्या वर्गातल्या, स्वयंपाकाच्या तासाच्या.

होस्ट भाऊ नाराज झाला, त्याला इंग्लिशचे दोन तास कमी वाटले, आणि हे मान्यच करायला हवं की त्याचं थोडं नुकसान झालं. गणित मागे पडलं ते पडलंच. जुलै 2025 मध्ये ती परत आली, त्या वर्षी अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होते, कागदपत्रांसाठी वडिलांची बरीच धावपळ झाली, पण प्रवेश मिळाला. आमाशी रविवारी बोलणं चालू आहे.

शाळेत मात्र व्यवस्था म्हणून काही बदललं नाही. पुढची एक्स्चेंज विद्यार्थिनी आली तिला परत इंग्लिशच्या तासांना फिरवतायत असं कळलं. वर्गशिक्षिकेने केलं ते तिच्या स्वतःच्या जिवावर.

काय वेगळं करता आलं असतं

जायच्या आधी तीन महिने तिने एचएसके तीनचे शब्द पाठ केले. तेवढ्याच वेळात बोपोमोफो आणि रोजच्या वापरातली शंभरेक पारंपरिक अक्षरं झाली असती तर पहिल्या दिवसापासून पाट्या वाचता आल्या असत्या. मुलगा-मुलगी तैवानला जाणार की चीनला, हे ठरल्यादिवशीच क्लासमध्ये सांगायला हवं.

शाळेकडून टाइमटेबल जाण्याआधी मागवावं आणि सरळ विचारावं की आमच्या मुलीने इंग्लिशच्या तासाला किती वेळ बसायचंय. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. होस्ट घरालाही तसंच, इंग्लिशचा तास पहिल्या आठवड्यात ठरवून टाकला असता तर डिसेंबरमध्ये कोणाला काही काढून घेतल्यासारखं वाटलं नसतं.

मंथली कॉलवर "कशी आहेस, जेवलीस का" याने काही कळत नाही. आता आम्ही विचारतो, आज चायनीजमध्ये कोणाला काय विचारलंस आणि त्यांनी काय उत्तर दिलं. दोन महिने उत्तर आलं नाही तर तिसऱ्याची वाट बघायची नाही.

कॉल कमी करण्याबद्दल मात्र अजून आमचं एकमत नाही. काउन्सेलरला वाटतं त्याशिवाय काहीच बदललं नसतं. मला वाटतं लायब्ररी आणि गल्ली एवढ्याने तिचं बोलणं सुरू झालंच असतं, आणि कॉल आपोआप कमी झाले असते, कारण तिच्याकडे वेळच उरला नसता. आईशी आधी वेगळं बोलून, ग्रुप कॉलच्या बाहेर, हळूहळू कमी करता आलं असतं. पुढच्या बॅचच्या पालक मीटिंगमध्ये हा मुद्दा ठेवलाय, आणि त्या आईंनाच बोलायला बोलावलंय.